येतं, की येतंसं वाटतं?

२क्ष² − ५क्ष − ३ = ०. दहावीच्या वर्गसमीकरणांच्या धड्यात शोभेल असं एक साधं समीकरण. सूत्र पद्धतीने सोडवायचं तर आधी विवेचक काढायचा, म्हणजे ब² − ४अक. इथे अ २, ब −५ आणि क ची किंमत −३, म्हणून २५ + २४, म्हणजे ४९. मुळं ३ आणि −१/२. पण बऱ्याच वह्यांत क चं ऋण चिन्ह सुटतं, २५ + २४ चे २५ − २४ होतात आणि विवेचक १ येतो. एकाचं वर्गमूळ एकच, त्यामुळे पुढची आकडेमोड आणखी सोपी होते आणि ३/२ आणि १ अशी दोन सुबक मुळं हाती लागतात. उत्तर इतकं नेटकं दिसतं की शंका घ्यावीशीच वाटत नाही. खाली दुहेरी रेघ मारून मूल पुढच्या गणिताकडे वळतं.

ज्या मुलाला ताळा करायची सवय आहे, ते क्षच्या जागी १ घालून बघतं. २ − ५ − ३ म्हणजे −६. शून्य यायला हवं होतं, आलं नाही. म्हणजे वर कुठेतरी घसरलंय. अर्ध्या मिनिटाचं काम.

सूत्र दोघांनाही पाठ आहे. दुसऱ्याकडे जास्तीचं आहे ते एवढंच की स्वतःच्या उत्तराकडे परक्याच्या उत्तरासारखं बघता येतं, आणि खरं-खोटं ठरवायला सरांची किंवा मॅडमची वाट बघावी लागत नाही. बी.एड.च्या पुस्तकांत याला स्व-नियमित अध्ययन म्हणतात. बॅरी झिमरमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने त्याचे तीन टप्पे मांडले: काम सुरू करण्याआधीचा विचार, काम चालू असताना स्वतःवर ठेवलेली नजर, आणि काम संपल्यावर घेतलेला आढावा. आढाव्यातून पुढच्या वेळचा विचार ठरतो, म्हणजे हे चक्र आहे. आपल्या शाळांत मधल्या टप्प्याकडे थोडंफार लक्ष जातं. पहिला शिक्षक उरकतात, तिसरा लाल पेन. मुलाच्या वाट्याला उरतं ते फक्त करणं.

हे सगळं मुलाच्या स्वभावावर ढकलायची आपल्याला फार सवय आहे. ‘त्याला अभ्यासाची आवडच नाही’, ‘ती पहिल्यापासून सिन्सिअर आहे.’ एकदा स्वभावाचा शिक्का बसला की शिकवणाऱ्याची जबाबदारी संपते. माझं ठाम मत आहे की हे स्वभावाचं काम नाही. ही पाच-सहा छोटी कौशल्यं आहेत, ती शिकवता येतात, आणि ती गणिताच्या तासाला गणितातूनच शिकवावी लागतात. वर्षातून एकदा सभागृहात पाहुणा बोलावून दिलेल्या प्रेरणादायी व्याख्यानातून ती येत नाहीत. टाळ्या वाजतात, दोन दिवस उत्साह राहतो, तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच विवेचक आणि तेच सुटलेलं चिन्ह.

सगळ्यात आधी शिकवायचं कौशल्य म्हणजे आपल्याला काय येतं याचा खरा अंदाज. बाकी सगळं त्यावर उभं राहतं. जे येतं असं वाटतं त्याचा अभ्यास कुणी करत नाही, आणि जे अजिबात येणार नाही असं वाटतं त्याच्याकडे कुणी फिरकत नाही. दोन्ही अंदाज चुकीचे असतील तर मूल रोज चार तास बसूनही नेमकं जे करायला हवं ते सोडून बाकी सगळं करतं.

‘समजलं का?’ या प्रश्नाने हा अंदाज कधीच मिळत नाही. फळ्यावर गणित अजून पुसलेलं नाही, पायऱ्या समोर आहेत, एकेक पायरी पटते आहे. अशा वेळी वर्ग ‘होऽऽ’ म्हणतो तो खोटं म्हणून बोलत नाही. त्या क्षणी मुलांना खरंच तसं वाटत असतं. १९९१ मध्ये थॉमस नेल्सन आणि जॉन डनलॉस्की यांनी शब्दांच्या जोड्या पाठ करायला देऊन हे तपासलं. जोडी वाचल्यावर लगेच ‘नंतर आठवेल का?’ असं विचारलं, तर अंदाज फार चुकत. थोडा वेळ मध्ये जाऊ दिला आणि मग विचारलं, तर तेच लोक कमालीचे अचूक ठरत. मध्ये वेळ गेला की माणूस आठवून बघतो आणि मग सांगतो. लगेच विचारलं की समोर दिसतंय त्यावरून सांगतो.

वर्गात याचा उपयोग सोपा आहे. अंदाज आज शिकवलेल्या भागाचा विचारायचा नाही, काल-परवाच्या भागाचा विचारायचा. तास सुरू झाल्यावर फळ्यावर पाच गणितं लिहायची. ती सोडवायची नाहीत, प्रत्येकाकडे दहा सेकंद बघायचं आणि वहीच्या समासात खूण करायची. खात्री असेल तर बरोबरची खूण, अर्धवट वाटत असेल तर अर्धवर्तुळ, येणार नाही असं वाटलं तर शून्य. खूण पेनाने, म्हणजे नंतर बदलता येत नाही. मग दहा मिनिटं सोडवायची, उत्तरं फळ्यावर लिहून स्वतःच तपासायची. वहीच्या शेवटच्या पानावर तारीख, किती गणितांची खात्री होती, त्यातली किती बरोबर आली, हे तीन आकडे. ‘खात्री होती आणि चुकलं’ अशी जी गणितं निघतील त्यांच्याभोवती चौकोन. त्या दिवशीचा खरा गृहपाठ ती. शून्य केलेली गणितं शिक्षकाला पुन्हा शिकवावी लागतील, पण चौकोनातली मूल आपणहून कधीच पुन्हा उघडणार नाही.

हे कुठे बिघडतं तेही सांगायला हवं. अंदाजाला गुण दिले की तो त्याच दिवशी खोटा होतो, कारण मुलं सुरक्षित बाजू बघून सगळीकडे अर्धवर्तुळं काढतात. हात वर करून सगळ्यांसमोर अंदाज विचारला की हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांकडे बघून बाकीचे हात वर जातात. म्हणून शेवटचं पान खासगी ठेवायचं आणि शिक्षकाने रोज दहा वह्या चाळायच्या. पन्नासच्या पटाचा वर्ग आठवड्याच्या पाच दिवसांत पुरा होतो. चाळताना उत्तरं तपासायची नाहीत, फक्त अंदाज आणि प्रत्यक्ष यांतलं अंतर बघायचं. सुरुवातीला बहुतेकांचं अंतर मोठं असतं, आणि कच्च्या मुलांचं सहसा जास्त. हे त्यांना लागेल असं बोलण्याचं काहीच कारण नाही. ज्या ज्ञानाने गणित सुटतं, तेच गणित चुकलंय हे ओळखायलाही लागतं. ते कमी असेल तर दोन्हीकडे एकदमच कमी पडतं.

या पाच गणितांची निवडही महत्त्वाची. पाठ्यपुस्तकात अवयव पद्धतीचा सरावसंच वेगळा, पूर्ण वर्ग पद्धतीचा वेगळा, सूत्र पद्धतीचा वेगळा. ओळख करून देताना ते योग्यच आहे. पण अवयव पद्धतीच्या सरावसंचातली दहा गणितं ओळीने करणाऱ्या मुलाला इथे अवयव पाडायचे हे मथळ्यानेच सांगितलेलं असतं. निवड करायची वेळच येत नाही, आणि परीक्षेत निवडच करावी लागते. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाला एकेका आकृतीची गणितं सलग दिली, दुसऱ्याला चारही मिसळून. सराव करताना सलग करणाऱ्यांची ८९ टक्के गणितं बरोबर आली, मिसळून करणाऱ्यांची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा सलग करणारे २० टक्क्यांवर घसरले आणि मिसळून करणारे ६३ वर राहिले.

हे आकडे प्रत्येक शिक्षकखोलीत लावावेत असे आहेत. वर्गात छान चाललंय असं वाटणं आणि मुलं शिकताहेत असं असणं या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे त्यातून स्वच्छ दिसतं. मिसळलेला सराव करताना मुलं अडखळतात, चुका वाढतात, तक्रार येते, आणि शिक्षक घाबरून पुन्हा एकाच प्रकाराकडे वळतात. तिथेच थांबून मुलांना सांगायला हवं की आज चुका जास्त होणारच, का होणार, आणि आठवड्याने काय दिसेल. कारण कळलं तर मुलं अडखळणं सहन करतात. आपल्या पुस्तकांत संकीर्ण प्रश्नसंग्रह असतो तो याचसाठी, पण तो धडा संपल्यावर, घाईत, ‘घरी करा’ म्हणून सुटतो. तोच थोडा-थोडा करून पुढच्या चार आठवड्यांतल्या तासांच्या सुरुवातीच्या पाच मिनिटांत वाटून टाकला तर त्याचं खरं काम होतं. रोज तीन प्रश्न पुरतात: एक कालचा, एक गेल्या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीचा, पुस्तक आणि वही मिटून.

पुस्तक मिटण्याबद्दल थोडं आग्रहाने. घरी मुलं अभ्यास करतात म्हणजे बहुतेक वेळा वाचतात. इतिहास पुन्हा वाचतात, सोडवलेलं गणितसुद्धा पुन्हा वाचतात, हायलायटर फिरवतात. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत उतारा दुसऱ्यांदा वाचणारे आठवून लिहिणाऱ्यांच्या पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने चित्र उलटलं. वाचल्यानंतर कोऱ्या कागदावर आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. पुन्हा वाचल्याने ओळखीचं वाटतं, आणि त्या ओळखीलाच मूल ‘झालं’ समजतं.

आता चुकांची वही. ही कल्पना अनेक शाळांत येते आणि महिन्याभरात मरते. मरण्याची कारणं ठरलेली. वेगळी, कव्हर घातलेली वही आणायला सांगतात आणि ती तपासणीची वस्तू होते. मूल फळ्यावरचं बरोबर उत्तर सुंदर अक्षरात उतरवतं. कारणाच्या रकान्यात ‘निष्काळजीपणा’ किंवा ‘सराव कमी’ असं लिहितं, आणि दोन्हींमुळे उद्या नेमकं काय करायचं ते कळत नाही. म्हणून त्याच गृहपाठाच्या वहीत, उजव्या पानावर गणित आणि डाव्या पानावर चूक, एवढंच ठेवावं. पूर्ण उत्तर उतरवायचं नाही. चूक कोणत्या ओळीत झाली तिचा क्रमांक, मी काय लिहिलं, काय हवं होतं. कारणासाठी चारच पर्याय: प्रश्न नीट वाचला नाही, चिन्ह किंवा आकडेमोड चुकली, पद्धत चुकीची निवडली, कल्पनाच कळली नव्हती. आणि चौथ्या दिवशी तेच गणित डावं पान झाकून पुन्हा. ही शेवटची पायरी गाळली तर आधीचं सगळं लेखनकाम वाया जातं, आणि नेमकी तीच गाळली जाते, कारण तोवर नवा धडा सुरू झालेला असतो. त्यासाठी आठवड्यातला एक ठरलेला तास लागतो. शनिवारच्या सकाळच्या शाळेतला तास त्याला बरा पडतो.

महिन्याभराच्या नोंदी झाल्या की मुलाने स्वतः मोजायचं, चार कारणांपैकी कोणतं जास्त वेळा आलं. आठवीत ज्याच्या डाव्या पानांवर (अ + ब)² = अ² + ब² पुन्हापुन्हा सापडतं, त्याला ‘गणित कच्चं’ म्हणणं चूक आहे. त्याची एक कल्पना अडकली आहे. बाजू अ + ब असलेला चौरस कागदावर काढून त्याचे चार तुकडे केले, की २अब कुठून येतं ते डोळ्यांना दिसतं. विषयाची भीती एवढी मोठी वाटते कारण तिला तुकडे नसतात. डाव्या पानाने तिचे तुकडे पडतात.

इथून प्रेरणेकडे यायचं. आपल्याकडचा क्रम असा समजला जातो: आधी आवड, मग अभ्यास, मग जमणं. अल्बर्ट बंडुरा आणि डेल शंक यांनी १९८१ मध्ये वजाबाकीत खूप मागे असलेल्या मुलांना सात सत्रांत ४२ पानं सोडवायला दिली. काहींना ‘रोज सहा पानं’ असं लक्ष्य सुचवलं, काहींना ‘शेवटपर्यंत ४२ पानं’. हिशेब तोच. पण जवळचं लक्ष्य मिळालेली मुलं वजाबाकी जास्त चांगली शिकली, आपल्याला जमेल हा त्यांचा विश्वास वाढला, आणि नंतर कुणी सांगितलेलं नसतानाही ती वजाबाकीकडे जास्त वळली. रोज ‘आजचं झालं’ असं दिसत गेलं म्हणून जमण्याची खात्री आली, आणि खात्रीमागून आवड. ‘दहावीला नव्वद टक्के’ हे लक्ष्य मूल आज रात्री काय करेल याबद्दल काहीच सांगत नाही. ‘डाव्या पानावरची तीन गणितं झाकून पुन्हा’ हे सांगतं.

बक्षिसांबद्दल सावध असावं. १९७३ मध्ये मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी ज्या लहानग्यांना चित्रं काढायला मुळातच आवडायचं, त्यांना आधी कबूल करून प्रमाणपत्र दिलं. काही दिवसांनी मोकळ्या वेळात तीच मुलं रंगांच्या पेनांकडे बक्षीस न मिळालेल्यांपेक्षा निम्म्यानेच वळली. ज्यांना प्रमाणपत्र अचानक मिळालं त्यांचं काही बिघडलं नाही. आवड आहे तिथे आमिष लावू नये. जे मूल पाटीला हातच लावत नाही, त्याला सुरुवातीला छोटंसं निमित्त द्यायला हरकत नाही, पण लवकर काढून घ्यायच्या बोलीवर.

गुणांचंही असंच. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात फक्त शेरा मिळालेली मुलं पुढे सुधारली. शेऱ्यासोबत गुण दिले तर शेऱ्याचा फायदा नाहीसा झाला. २० गुणांची घटक चाचणी परत देताना हे सहज वापरता येतं. पहिल्या दिवशी चुकीच्या ओळीखाली फक्त रेघ, गुण नाहीत. मुलं ती ओळ शोधून दुरुस्त करतात, कारण ठरवतात. गुण दुसऱ्या दिवशी. गुणपत्रकात काही बदल नाही, मुख्याध्यापकांची परवानगी लागत नाही. ‘किती पडले?’ हा प्रश्न फक्त एक दिवस पुढे जातो, आणि त्या एका दिवसात उत्तरपत्रिका वाचली जाते.

मदत मागणं हेही शिकवण्याचंच कौशल्य. ‘सर, हे येत नाही’ या वाक्यावर शिक्षक पूर्ण गणित सोडवून देतात, आणि मूल पुन्हा बघ्याच्या जागी जातं. वर्गात एक नियम असावा: मदत मागताना आपण कुठल्या ओळीपर्यंत आलो ते दाखवायचं. ‘तिसऱ्या ओळीत विवेचक ऋण आला, आता वर्गमूळ कसं घेऊ?’ या प्रश्नाला उत्तर द्यायला पाव मिनिट पुरतं. गाईडचंही तसंच. त्यावर बंदी घालून काही होत नाही, ते घराघरांत आहेच. वापरायचं कसं ते सांगावं: आधी दहा मिनिटं स्वतः झगडायचं, मग उत्तरावर पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा ठेवून एकच ओळ उघडायची, गाईड मिटून पुढे जायचं. किती ओळी उघडाव्या लागल्या तो आकडा समासात. महिन्यात तो खाली येतो का, ते मुलाला स्वतःच दिसतं.

वेळापत्रकावर फार बोलण्यासारखं नाही. स्केचपेनने रंगवलेली ‘पहाटे ५ ते ६ गणित’ अशी वेळापत्रकं चार दिवस टिकतात, कारण त्यांत काम लिहिलेलं नसतं आणि घर गृहीत धरलेलं नसतं. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांच्या संशोधनाचा धागा इथे कामाचा आहे: ‘अमुक झालं की तमुक करायचं’ असा बेत आधीच ठरवायचा. घड्याळाच्या जागी रोज हमखास घडणारी घटना धरायची: ‘रात्रीची भांडी झाली की दप्तर उघडून आधी चौकोनातली दोन गणितं.’ घटना मुलाच्या खऱ्या दिवसातली हवी.

आणि तो खरा दिवस सगळ्यांचा सारखा नसतो. कुणाच्या संध्याकाळी शेतावर जातात, कुणा मुलीच्या धाकट्या भावंडांत, कुणाचं घर ऊसतोडीला गेलेलं असतं आणि मूल आजीजवळ मागे राहिलेलं. त्यांना ‘घरी वेळ काढ’ सांगणं अन्यायाचं आहे. म्हणूनच हे सगळं तासाच्या आत बसवायला हवं, पस्तीस-चाळीस मिनिटांतली दहा-बारा मिनिटं त्याला देऊन. अभ्यासक्रम मागे पडेल ही भीती खरी आहे, पण पुढे गेलेल्या अभ्यासक्रमातलं आठवड्याने किती उरतं तो हिशेबही मांडायला हवा. उलट टोकाला शहरांतली मुलं. सकाळी क्लास, दिवसा शाळा, संध्याकाळी पुन्हा क्लास. नोट्स तयार, महत्त्वाचे प्रश्न निवडलेले, चाचण्यांचं वेळापत्रक दुसऱ्याने आखलेलं. दहावीला गुण मिळतात. अकरावीत कुणी काही आखून देत नाही तेव्हा अभ्यास कुठून सुरू करायचा हेच कळत नाही, आणि सगळे म्हणतात, मुलगा बदलला.

आधार हळूहळू काढायचा असतो. जूनमध्ये पाच गणितं शिक्षक निवडतात. ऑगस्टपासून सहा द्यावीत आणि मुलांनी चार निवडावीत, त्यातलं एक शेवटच्या, अवघड दोनमधलं हवंच, नाहीतर सगळे सोपी निवडतात. प्रथम सत्र परीक्षेनंतर, दिवाळीची सुट्टी संपली की प्रत्येकाने आपल्या डाव्या पानावरून स्वतःची पाच काढावीत. कुठल्या मुलाचा आधार काढायला घाई झाली ते शेवटच्या पानावरचे तीन आकडे दोन आठवड्यांत सांगतात. अंतर पुन्हा वाढलं तर एक पायरी मागे. हे आठवीच्या जूनमध्ये सुरू केलं तर दहावीपर्यंत दोन पूर्ण वर्षं मिळतात. दहावीच्या जानेवारीत, पूर्वपरीक्षेचे पेपर हातात पडल्यावर सुरू केलं, तर ताळा करणं आणि चौकोनातली गणितं झाकून पुन्हा करणं एवढीच दोन कामं घ्यावीत. बाकीच्या सवयी रुजायला तोवर वेळ उरलेला नसतो.